नंबर

सहावा लागला आणि सुईचं नाकं दोन झालं.
आधी वाटलं, दोरा पिसकटलाय.
ओठात धरून ओला केला, पीळ दिला,
परत उजेडाला धरला.
दोरा गेला एका नाकातनं,
सुई मात्र दुसरीच होती.

आमच्यात साज ओवायचं काम.
गुजरीतनं पुडी येते, वजन करून, मोजून :
मासा, कासव, चंद्र, कारलं, बेलपान, भुंगा,
आणि मणी, आत लाख, वरनं श्रीमंत.
कुणाची जागा कुठं, ते बोटांना पाठ.
शेवटच्या गाठीला तेवढा डोळा लागतो.

आत्ती म्हणाल्या, ‘पोटात बाळ हाय, डोळ्यात न्हाई.
गाजराचा रस पी.’
प्यालो. गंगावेशीतलं धारोष्ण दूध, ते पण प्यालो.
नाकं दोनच.
संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो
तर खांबावरच्या दिव्यांना झिपऱ्या फुटलेल्या,
भेळवाल्याच्या बल्बला तर पार दाढी.
सुहास म्हणाला, ‘धुकं आहे.’
मे महिन्यात.

महाद्वार रोडला, जिन्याखाली, मुजावरांचं चष्म्याचं दुकान.
माझ्या आधी एक पोरगं बसलेलं.
त्यानं पाटी खणखणीत वाचली, वरनं खालपर्यंत.
माझी पाळी आली तेव्हा शेवटची ओळ
मी त्याच्याच चालीत म्हटली.
मुजावर हसले नाहीत.
‘दिसतंय ते सांगा, ताई. पाठ झालंय ते नको.’
मग खरं सांगितलं :
ग आहे, नाहीतर म. हा थ असेल.
आणि तिथं एक मुंगी आहे.

काच बदलली. परत बदलली.
‘कितवा?’
‘अमावास्येला सातवा लागेल.’
त्यांनी ती जड चौकट माझ्या नाकावरनं उतरवली,
फडक्यानं पुसत राहिले.
‘पायाला सूज येते ना, तशी बुबुळालाही येते थोडी.
पाणी साठतं.
आत्ता मी नंबर काढीन, पैसेही घेईन,
पण तो नंबर तुमचा नसणार.
बाळंतपण होऊ दे. मग दोन महिन्यांनी या.’
मी उठलो, तर हातानंच परत बसवलं.
‘डोळ्यापुढं ठिणग्या उडाल्या, डोकं फुटायला लागलं,
निम्मं चित्र पुसल्यासारखं झालं,
तर माझ्याकडं यायचं नाही.
रिक्षा करायची. सीपीआर.’

जोडवी कधीच काढून ठेवलीत, साबण लावून.
बांगड्या रुततात.
पण डोळा सुजतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.
नंबर माझा नाही, तर कुणाचा?
घर येईस्तोवर तेवढंच डोक्यात.
तेही पाण्यातनं बघतंय,
मीही.

गेल्या आठवड्यात गुजरीतनं एक साज परत आला.
मासा उलटा, शेपूट वर.
शेठ काही बोलले नाहीत,
पुडीवर नुसती फुली.
त्याच दिवशी सोनोग्राफीच्या बाई म्हणालेल्या,
‘बाळाचं डोकं वर आहे. वळेल. वेळ आहे अजून.’
आत्ती घरी आल्या आल्या म्हणाल्या, ‘पायाळू.’
आणि मीठ-मोहऱ्या शोधायला लागल्या.

रात्री गाठ सोडली.
मासा तळहातावर घेतला,
अंगठ्यानं डोकं शोधलं, शेपूट शोधलं,
डोळे मिटून ओवला.
सरळ बसला.
मग तोच अंगठा पोटावरनं फिरवला, हळू.
डोकं अजून बरगडीखालीच,
नारळाएवढं घट्ट.
‘वळ की रं,’ म्हटलं.
लाथ बसली.

मुजावरांचं कार्ड कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलंय.
उजवा डोळा, डावा डोळा,
दोन्ही रकाने कोरे.
खाली पेन्सिलीनं एक तारीख, बारीक.
सुहासनं वाचून दाखवली.
मला तिथं दोन दिसतात.
दोन्ही पाळायच्या ठरवल्यात.